नदीचं मूळ

२००९ मध्ये आई पहिल्यांदा आमच्याकडे सिंगापूरला आली होती. पक्ष्यांचं उद्यान, मुस्तफामधली खरेदी, लिटल इंडियातलं देऊळ हे सगळं पहिल्या आठवड्यातच उरकलं. मग रविवारी तिला कुठे न्यायचं हा प्रश्न पडला. मुलाच्या शाळेची सहल नुकतीच बेडोकजवळच्या 'न्यूवॉटर' केंद्रात जाऊन आली होती आणि तो उत्साहाने फुलून आला होता. म्हणून तिकडेच गेलो. (हे केंद्र २०२४ मध्ये बंद झालं.) तिथे सांडपाण्यापासून पुन्हा शुद्ध पाणी कसं करतात हे काचेपलीकडून दाखवायचे आणि शेवटी प्रत्येकाच्या हातात त्या पाण्याची एक छोटी बाटली ठेवायचे.

आईने बाटली घेतली, उजेडात धरून पाहिली, बूच घट्ट आहे ना ते तपासलं आणि माझ्या पिशवीत ठेवून दिली.

"पी की. चव बघ तरी," मी म्हटलं.

"नको गं बाई. कितीही स्वच्छ केलं तरी ते मूळचं कुठलं?"

मी हसले. नातू रुसला. पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. 'ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये' ही म्हण मी आईकडूनच शिकले. लग्नं जमवताना ती हमखास वापरते. आणि आता तीच पाण्याचं मूळ विचारत होती! गंमत म्हणजे तिला ते विचारावंही लागलं नव्हतं. तिथे मूळ लपवलेलंच नव्हतं, उलट ते सांगायला एक अख्खी इमारत बांधलेली होती. हे असं का, याचा शोध घेता घेता या बेटाचा पाण्याचा इतिहास मी बराच वाचला. तोच आज सांगते.

सिंगापूरला पाऊस कमी नाही. वर्षाला साधारण २४०० मिलीमीटर पडतो, म्हणजे आमच्या सोलापूरच्या तिपटीहून जास्त. पण तो साठवायला जागा नाही, नाव घ्यावी अशी मोठी नदी नाही आणि जमिनीखालीही फारसं पाणी नाही. इंग्रजांनी एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकात बेटाच्या मधोमध तीन तलाव बांधले. ते पुरेनात, तेव्हा १९२७ मध्ये शेजारच्या जोहोरच्या सुलतानाशी करार केला आणि १९३२ पासून समुद्रावरच्या पुलावरून नळाने पाणी येऊ लागलं.

हा नळ किती नाजूक आहे ते दहा वर्षांत कळलं. ३१ जानेवारी १९४२ रोजी मागे हटणाऱ्या इंग्रज फौजांनी जपान्यांना अडवण्यासाठी तो पूल सुरुंगाने उडवला. पुलाबरोबर नळही तुटला. पुढे तलाव जपान्यांच्या हाती गेले, शहरातल्या वाहिन्या बॉम्बने फुटल्या, आणि १५ फेब्रुवारीला सिंगापूर शरण गेलं. त्या शरणागतीची जी मोठी कारणं सांगतात त्यात पाणी हे एक आहे. 'अभेद्य' म्हणवणारा किल्ला तहानेपुढे वाकला.

युद्धानंतर लोकसंख्या वाढत गेली. १९६१ आणि १९६२ मध्ये जोहोरशी नवे करार झाले. १९६२ च्या कराराने जोहोर नदीतून दिवसाला २५ कोटी गॅलन पाणी घ्यायचा हक्क मिळाला, तोही २०६१ पर्यंत. दर हजार गॅलनला तीन सेंट. करार चांगला होता, पण पाऊस करार वाचत नाही. १९६३ मध्ये दुष्काळ पडला आणि पाण्याचं रेशनिंग जवळजवळ दहा महिने चाललं. आमच्या शेजारच्या आजीबाई त्या दिवसांबद्दल सांगायच्या. टाकीच्या गाडीपुढच्या रांगा, बादल्या, भांडणं. ऐकताना मला वाटायचं, ह्या आमच्याच गल्लीचं सांगतायत.

मग ९ ऑगस्ट १९६५ रोजी सिंगापूर मलेशियातून बाहेर पडलं. एका रात्रीत पाणी परदेशातून यायला लागलं. ली कुआन यू यांनी आत्मचरित्रात एक आठवण नोंदवली आहे. वेगळं झाल्याबरोबर मलेशियाच्या पंतप्रधानांनी ब्रिटिश उच्चायुक्तांना सांगितलं होतं की सिंगापूरचं परराष्ट्र धोरण आम्हाला बाधक ठरलं तर जोहोरचं पाणी बंद करायची धमकी देता येईल. हे वाचल्यावर मला त्या देशाचा पाण्याबद्दलचा ध्यास कळला. आपल्याकडे पाणी हा सोसायटीच्या मीटिंगचा विषय असतो. इथे तो सीमेवरच्या सैन्याइतका गंभीर विषय होता.

यातून त्यांनी काय केलं? आधी घर आवरलं. १९७१ मध्ये पाणी जपून वापरा अशी पहिली मोठी मोहीम काढली. पुढे १९९१ मध्ये जास्त पाणी वापरणाऱ्यांवर वेगळा पाणी-बचत कर बसवला. नळांच्या गळत्या इतक्या कसोशीने शोधल्या की २००० नंतरच्या दशकात हिशेबाबाहेर जाणारं पाणी पाच टक्क्यांच्या आसपास आलं. संडासाच्या छोट्या टाक्या सक्तीच्या झाल्या. २००३ मध्ये घरगुती वापर माणशी दिवसाला १६५ लिटर होता, तो २०१८ मध्ये १४१ वर आला. हा भाग कंटाळवाणा आहे आणि याची कोणी सहल काढत नाही. पण बाकीचं सगळं यावर उभं आहे. फुटक्या माठात कितीही शुद्ध पाणी ओतलं तरी उपयोग काय?

दुसरं काम नद्यांचं. १९७७ मध्ये ली कुआन यू यांनी दहा वर्षांत सिंगापूर नदी आणि कलांग खोरं स्वच्छ करायचं काम दिलं. तोवर नदी म्हणजे उघडं गटार होतं. डुकरं आणि बदकं पाळणाऱ्यांचे शेकडो गोठे, काठच्या झोपड्या, पदपथावरचे खाद्यपदार्थवाले, माल वाहणाऱ्या सुमारे ८०० होड्या, सगळ्यांची घाण तिच्यात. १९८७ मध्ये काम पूर्ण झालं. त्याच वर्षी मैला बादल्यांनी वाहून नेण्याची पद्धतही संपली. हे वाचताना टाळ्या वाजवाव्याशा वाटतात, पण एक गोष्ट विसरता येत नाही. हजारो कुटुंबं हलवली गेली. त्यांना सरकारी घरं मिळाली, फेरीवाल्यांना छपराखालचे गाळे मिळाले, पण कितीकांचे पिढीजात धंदे कायमचे गेले. नको म्हणायची सोय फारशी नव्हती. स्वच्छ नदीची किंमत कोणी मोजली हेही इतिहासात लिहायला हवं.

आता सांडपाण्याकडे येते. कल्पना नवी नव्हती. आफ्रिकेतल्या नामिबियाची राजधानी विंडहुक हे वाळवंटी देशातलं शहर. तिथे १९६८ मध्येच गोरेंगाब इथे सांडपाणी शुद्ध करून थेट पिण्याच्या पाण्यात मिसळायला सुरुवात झाली. जगात असं करणारं ते पहिलं शहर. त्या कामातले एक अग्रणी लुकास व्हॅन व्हूरेन म्हणायचे की पाण्याची पारख त्याच्या इतिहासावरून करू नये, गुणावरून करावी. म्हणजे आपलीच म्हण, वाळवंटातून आलेली!

सिंगापूरनेही १९७४ मध्ये एक प्रायोगिक कारखाना उभारला. तो सुमारे चौदा महिन्यांत बंद करावा लागला. खर्च प्रचंड होता आणि गाळणाऱ्या पडद्यांचा भरवसा नव्हता. पण वही मिटली तरी फाडून टाकली नाही. १९९८ मध्ये पुन्हा अभ्यास सुरू झाला. तोवर पडदे स्वस्त आणि चांगले झाले होते. २००० मध्ये बेडोकला दिवसाला दहा हजार घनमीटर पाणी करणारा नमुन्याचा कारखाना सुरू झाला.

रीत थोडक्यात अशी. गटारातलं पाणी आधी नेहमीच्या पद्धतीने शुद्ध करतात, म्हणजे गाळ बसवतात आणि जिवाणूंकडून घाण खाववतात. आपल्याकडे चांगला प्रकल्प असला तर इथपर्यंत काम होतं आणि पाणी नदीत सोडतात. इथे त्यापुढे तीन पायऱ्या. पहिल्यांदा अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून गाळतात, त्यात बारीक कण आणि जिवाणू अडकतात. मग जोराच्या दाबाने दुसऱ्या पडद्यातून पाणी ढकलतात. हा पडदा क्षार, औषधांचे अंश, विषाणू असं जवळजवळ सगळं मागे ठेवतो. आपल्या स्वयंपाकघरातल्या 'आरओ'चा हा थोरला भाऊ. शेवटी अतिनील किरणांनी जे काही चुकून राहिलं असेल ते मारतात. २००२ मध्ये देशी-परदेशी तज्ज्ञांच्या समितीने सुमारे वीस हजार चाचण्यांचे निकाल पाहून हे पाणी पिण्यायोग्य असल्याचं सांगितलं.

तरी खरा प्रश्न पडद्याचा नव्हता, मनाचा होता. आईच्या मनातला. सरकारला तो बरोबर ठाऊक होता. ९ ऑगस्ट २००२ च्या राष्ट्रीय दिनाच्या संचलनात पंतप्रधान गोह चोक टोंग आणि स्टेडियममधले सुमारे साठ हजार लोक यांनी एकाच वेळी न्यूवॉटरच्या बाटल्या उंचावल्या आणि प्यायल्या. शब्दसुद्धा बदलले. 'सांडपाणी' या अर्थाचा शब्द गेला आणि 'वापरलेलं पाणी' आलं. शुद्धीकरण केंद्रांच्या नावात 'मैला' राहिला नाही. २००३ च्या फेब्रुवारीत बेडोक आणि क्रांजीचे कारखाने रीतसर सुरू झाले. बहुतेक पाणी चिप बनवणाऱ्या कारखान्यांना आणि इमारतींच्या वातानुकूलनाला जातं, कारण त्यांना अतिशुद्ध पाणीच हवं असतं. थोडं पाणी, सुरुवातीला रोजच्या वापराच्या साधारण एक टक्का, तलावात सोडतात. तिथे ते पावसाच्या पाण्यात मिसळतं आणि पुन्हा शुद्ध होऊन घराघरात येतं.

म्हणजे आमच्या नळाला येतं. म्हणजे आई सहा आठवडे आमच्याकडे जो चहा पीत होती, त्यातही त्याचे थोडे थेंब होतेच. हे मी तिला सांगितलं नाही. उगाच कशाला, असं वाटलं. या गोष्टीकडे पुन्हा येते.

किळस ही फार जुनी गोष्ट आहे आणि ती मूर्खपणाची नाही. घाण पाण्याने माणसं मरत आली आहेत, मनाने तेवढं लक्षात ठेवलं. पण आपल्याकडच्या किळसेला आणखी एक पदर आहे. जोहोरचा पहिला करार झाला त्याच १९२७ सालात, २० मार्चला, डॉ. आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. त्यानंतर गावातल्या सवर्णांनी ते तळं 'शुद्ध' केलं. कशाने? १०८ घागरी दूध, दही, शेण आणि गोमूत्र ओतून! कुठल्याही प्रयोगशाळेत ते पाणी त्या दिवशी आधीपेक्षा घाणच ठरलं असतं. म्हणजे आपण पाण्याचं मूळ विचारतो तेव्हा बऱ्याचदा जंतूंबद्दल विचारत नसतो. ते कोणाच्या हातून आलं हे विचारत असतो. आणि तीच आपण माणसं गटारात उतरायला आजही दुसऱ्या माणसाला पाठवतो. त्याला बंदी घालणारे कायदे १९९३ आणि २०१३ मध्ये झाले, तरी त्या कामात माणसं गुदमरून मरतातच. माझ्या मनातही हे सोवळं-ओवळं कुठेतरी मुरलेलं आहे. ती बाटली पिताना माझाही हात क्षणभर थांबला होता.

आणि दुसरीकडे, पाणी परत वापरणं हे आपल्याला काही नवीन नाही. सोलापुरात आमच्या आजोळी पाणी कित्येक वर्षं तीन-चार दिवसांआड यायचं. आजीच्या घरी पाण्याला तीन-तीन जन्म असत. तांदूळ धुतलेलं पाणी कुंडीतल्या तुळशीला. कपड्यांचं शेवटचं खळबळलेलं पाणी फरशी पुसायला. आंघोळीचं आणि भांडी विसळल्याचं पाणी मोरीतून परसात, तिथे अळू आणि केळ. त्या अळूचं फतफतं आम्ही बोटं चाटून खाल्लेलं आहे. त्याचं मूळ कोणी विचारलं नाही. नळ आला की इतर गावांत कालचं 'शिळं' पाणी ओतून देतात हे लग्नानंतर पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा मी घाबरून ओरडलेच होते.

आता सोलापूरचं मूळ सांगते. सोलापूरला पाणी येतं उजनीहून. उजनी भीमेवर आहे, १९८० मध्ये धरण पूर्ण झालं. भीमेला वर कोण मिळतं? मुळा-मुठा. आणि मुळा-मुठेत काय मिळतं ते सगळ्या पुणेकर नातेवाइकांना माहीत आहे, वास पुलावरूनही येतो. पुणं खडकवासल्याच्या वरच्या धरणांचं निर्मळ पाणी घेतं, वापरतं, त्यातलं काही शुद्ध करून आणि बरंचसं तसंच नदीत सोडतं. ते उजनीत साठतं. तिथून ते सोलापूरकर पितात, शेती पिते, ऊस पितो. उजनीच्या खाली पंढरपूर. वारीत चंद्रभागेला पाणी हवं म्हणून उजनीतूनच सोडतात आणि लाखो वारकरी त्यात स्नान करतात, तीर्थ म्हणून ओंजळभर तोंडात घेतात.

म्हणजे सांडपाण्याचा पुनर्वापर आपण कधीचाच करतो आहोत. फक्त मधले पडदे नाहीत, चाचण्या नाहीत, आणि कोणी कोणाला सांगितलेलं नाही. सिंगापूरने जे उघडपणे केलं ते आपण म्हणीच्या आडून करतो. नदीचं मूळ विचारू नये!

सगळंच अंधारात आहे असं नाही. नागपूर महापालिकेने २००८ मध्ये वीज कंपनीशी करार केला आणि पुढे शहराचं दिवसाला १३ कोटी लिटर सांडपाणी शुद्ध करून कोराडीच्या औष्णिक केंद्राला द्यायची सोय झाली. तेवढं चांगलं पाणी शहराला आणि शेतीला वाचतं. पुण्यातही मुंढव्याला नदीतून पाणी उचलून जुन्या कालव्याने खालच्या शेतीला द्यायची योजना झाली. कल्पना उत्तम, पण शेतकऱ्यांची तक्रार पाण्याच्या दर्जाबद्दलच राहिली. २०१६ मध्ये जपानी कर्जातून पुण्यात अकरा नवे शुद्धीकरण प्रकल्प मंजूर झाले, त्यांचं काम वर्षानुवर्षं रेंगाळलं. आपल्याकडे तंत्र नाही असं नाही. खालच्या गावाला आपण काय पाठवतो याची लाज आपल्याला अजून वाटत नाही. सिंगापूरला खालचं गाव नव्हतं. जे सोडलं ते पुन्हा स्वतःच्याच पेल्यात येणार होतं. त्यामुळे त्यांना ती शिस्त भाग पडली. त्यांच्या शहाणपणात नाइलाजाचा वाटा मोठा आहे.

आणि त्यांचंही सगळं सुटलेलं नाही. १९६१ चा करार २०११ मध्ये संपला. जोहोर नदीवरच्या लिंगियू धरणातला साठा २०१६ च्या ऑक्टोबरात वीस टक्क्यांपर्यंत खाली गेला होता. २०१७ मध्ये पाण्याचे दर दोन टप्प्यांत तीस टक्क्यांनी वाढवायचं ठरलं तेव्हा लोक चांगलेच कुरकुरले. पडद्यातून पाणी ढकलायला वीज लागते, ती फुकट येत नाही. पण निदान हिशेब सगळ्यांसमोर मांडलेला असतो.

आई परत गेल्यावर काही महिन्यांनी मी फोनवर तिला खरं सांगून टाकलं. की आमच्या नळाच्या पाण्यातही ते थोडं असतं आणि तू दीड महिना तेच प्यायलीस. पलीकडे शांतता. मग म्हणाली, "तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तू प्यायली नसतीस म्हणून."

"ते माझं मी ठरवलं असतं ना."

मला उत्तर देता आलं नाही. आईला नेलं होतं मूळ उघड सांगणाऱ्या इमारतीत, आणि घरी येऊन मी तेच केलं जे वरचं गाव खालच्या गावाशी करतं. उगाच कशाला सांगायचं, असं म्हणत.

तिच्या शेजारी मामा बसलेले होते. त्यांनी फोन घेतला आणि खास सोलापुरी हेल काढून म्हणाले, "त्यात काय एवढं! तिथलं निदान गाळून तर देतात की. इथं आम्ही पुणेकरांचं तसंच पितोय."

आई मागून त्यांना रागावत होती, पण हसतही होती. तिच्या देवघरात चंद्रभागेच्या पाण्याचा एक तांब्याचा गडू आहे, वरून लाखेने बंद केलेला. तो मी लहानपणापासून बघते आहे. त्या पाण्याचं मूळ मी तिला कधी विचारणार नाही. पण ते पाणी तिथवर कसं येतं, हे पुण्यात राहणाऱ्या आम्हा सगळ्या भावंडांना ठाऊक असायला हवं. मीही तिथे दहा वर्षं राहिले आहे. त्या गडूत थोडी मीही असेन.